२४,००० रुपयांत पाच रविवार : नवी मुंबईतील एका हौशी क्रिकेट लीगचा अनुभव

सानपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा संघ या वर्षी प्रथमच एका स्थानिक क्रिकेट संघटनेच्या लीगमध्ये उतरला. डिसेंबर २०२५ पासून फेब्रुवारी २०२६ पर्यंत चाललेल्या या हंगामात मी संघाचा व्यवस्थापक होतो, म्हणजे वर्गणी गोळा करणे, जर्सीवरील नावांचे शुद्धलेखन तपासणे आणि अकरावा खेळाडू सकाळी उठलाच नाही तर या वयात स्वतः पॅड बांधणे ही तिन्ही कामे माझ्याकडे होती. संघटनेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे मांडलेल्या तक्रारींपैकी काही त्यांच्या चिटणीसांनी शांतपणे ऐकून घेतल्या आहेत आणि त्यांना सुधारण्यासाठी एक हंगाम मिळायला हवा. पाम बीच मार्गाच्या आसपास रविवारी क्रिकेट खेळणाऱ्यांना ती ओळखू येईलच.

प्रवेश शुल्क प्रत्येक संघामागे २४,००० रुपये होते. त्या बदल्यात पाच साखळी सामन्यांची हमी, प्रत्येक सामना २० षटकांचा, दोन तटस्थ पंच, एक गुणलेखक, दर डावाला नवा फोर-पीस चेंडू, चहा-नाश्ता आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असे माहितीपत्रकात लिहिले होते. बारा संघांचे दोन गट होते आणि प्रत्येक गटातून पहिले दोन संघ उपांत्य फेरीत जाणार होते. आमच्या चौदा जणांत रक्कम वाटली तेव्हा प्रत्येकी सतराशे रुपयांहून थोडे अधिक पडले. गेल्या वर्षी शेजारच्या संस्थेशी आम्ही स्वतः मैदान घेऊन एक मैत्रीपूर्ण सामना खेळलो होतो, तेव्हा मैदानभाडे, पंच, गुणलेखक आणि चेंडू धरून आमच्या वाट्याला साडेपाच हजार आले होते. येथे एका सामन्याला ४,८०० पडले. शुल्क महाग नाही, हे आधीच सांगून टाकतो.

टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा येथे दुष्काळ नाही. नवी मुंबई आणि रायगडच्या गावांत हिवाळा सुरू झाला की स्पर्धांना ऊत येतो, मालिकावीराला मोटारसायकल मिळते, समालोचकाचा आवाज पलीकडच्या सेक्टरपर्यंत ऐकू जातो. दहा षटकांच्या टेनिस क्रिकेटची आयएसपीएल ही व्यावसायिक स्पर्धा २०२४ मध्ये सुरू झाली तीही आपल्याच ठाण्यात, दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहात. अडचण होते ती सीझन बॉलने, म्हणजे लेदरच्या कठीण चेंडूने, खेळू पाहणाऱ्या चाळिशीतल्या माणसाची. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखालचे क्लब क्रिकेट नोंदणीकृत क्लबांचे असते, आणि १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग ही तर आमच्यासारख्यांनी कडेला उभे राहून पाहायची गोष्ट. महाविद्यालयात कधीतरी खेळलेल्या आणि आता आठवडाभर महापे किंवा ऐरोलीच्या कार्यालयांत बसणाऱ्या माणसाला लेदरचा चेंडू बॅटच्या मधोमध लागल्याचा आवाज पुन्हा ऐकायचा असेल, तर अशा स्थानिक लीगवाचून दुसरी सोय नाही. संघटनेने ही गरज ओळखली, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

या हंगामातील सर्वांत उत्तम गोष्ट म्हणजे पंच. हौशी क्रिकेटमध्ये पंच म्हणजे फलंदाजी करणाऱ्या संघातील सर्वांत अनिच्छुक माणूस, हा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी असतो आणि ‘पायचीत नाही’ ही अट त्यातूनच जन्माला आलेली असते. येथे मात्र पंच बाहेरचे होते, परीक्षा दिलेले होते आणि पायचीतचे निर्णयही देत होते. आमच्या पाचपैकी तीन सामन्यांत असलेले ज्येष्ठ पंच साठीच्या आसपासचे असावेत. चेंडू मोजण्यासाठी त्यांच्याकडे यंत्र नव्हते; पॅंटच्या डाव्या खिशात सहा चिंचोके असत आणि प्रत्येक वैध चेंडूनंतर एक चिंचोका उजव्या खिशात जाई. षटकाच्या मध्यावर आमच्या गोलंदाजाने “काका, किती राहिले?” असे विचारले की ते खिशात हात घालून, बोटांनी चाचपून “दोन” असे सांगत. तीन सामन्यांत त्यांचे एकही षटक पाच किंवा सात चेंडूंचे झाले नाही, हे मी गुणपुस्तकावरून पडताळून पाहिले आहे.

त्यांची खरी कसोटी दुसऱ्या सामन्यात लागली. आमचा एकोणीस वर्षांचा मध्यमगती गोलंदाज धावत आला, नॉन-स्ट्रायकर, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभा असलेला फलंदाज, दोन पावले पुढे निघून गेला होता, आणि मुलाने चेंडू न टाकता बेल्स उडवून अपील केले. क्षणात दोन्ही संघ खेळपट्टीवर जमा झाले. “हे मांकडिंग आहे, जंटलमन्स गेममध्ये चालत नाही” इथपासून “आधी ताकीद द्यावी लागते” इथपर्यंत जे जे म्हणता येईल ते म्हणून झाले. काकांनी सगळ्यांना दहा पावले मागे जायला सांगितले, दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावले आणि हळू आवाजात समजावले की ऑक्टोबर २०२२ पासून या प्रकाराची तरतूद अनुचित खेळाच्या ४१व्या नियमातून काढून धावचीतच्या ३८व्या नियमात ठेवली आहे, ताकीद देणे पूर्वीही नियमात नव्हते आणि आताही नाही, आणि गोलंदाजाचा हात वर जाण्याच्या आधी बेल्स पडल्या हे त्यांनी स्वतः पाहिले आहे. मग आमच्या कर्णधाराकडे वळून त्यांनी एवढेच विचारले, “अपील कायम आहे का?” त्याने थोडा वेळ घेतला आणि “आहे” म्हणाला.

मला स्वतःला ते आवडले नाही. फलंदाज धाव चोरत नव्हता, नुसता सवयीने पुढे सरकला होता, आणि आम्हाला त्या बळीची तितकीशी गरजही नव्हती. पण हा आमच्या संघाच्या मनाचा प्रश्न झाला. पंचांचे काम त्यांनी चोख केले. १९४७ मध्ये सिडनीला भारताच्या विनू मांकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउन यांना असेच बाद केले तेव्हा खुद्द प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मांकड यांची बाजू घेतली होती, तरी ऐंशी वर्षे होत आली तरी आपल्याकडची मैदाने या बाबतीत मांकड यांच्यावर टीका करणाऱ्या ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांचीच री ओढतात. चार-पाच मिनिटांत खेळ पुन्हा सुरू झाला. असा प्रसंग आमच्या जुन्या मैत्रीपूर्ण सामन्यांत घडला असता तर चेंडूचा मालक चेंडू घेऊन घरी गेला असता.

दुसरा पंच मात्र चौथ्या सामन्यात आलाच नाही, किंवा खरे सांगायचे तर पहिल्या डावाची अकरा षटके होईपर्यंत आला नाही. सामना दुपारी साडेबाराचा होता, पंच ठाण्याहून येणार होते आणि त्या रविवारी ट्रान्स-हार्बर मार्गावर मेगाब्लॉक होता. मेगाब्लॉक आदल्या दिवशीच जाहीर होतो. ज्या माणसाचा प्रवास रविवारी दुपारचा आहे त्याला रस्त्याने यायला सांगणे आणि रिक्षाचे पैसे देणे हे आयोजकांचे काम होते. तोवर स्क्वेअर लेगला, म्हणजे दुसऱ्या पंचाच्या जागी, फलंदाजी करणाऱ्या संघाचाच खेळाडू उभा केला गेला, आणि त्याच्या पहिल्याच धावचीतच्या निर्णयावर जे व्हायचे ते झाले. दोन तटस्थ पंचांचे वचन देऊन पैसे घेतल्यावर ही पाळी यायला नको होती.

आता गुणतक्त्याविषयी, कारण या लीगमधील सर्वांत गंभीर दोष येथे आहे आणि तो संपूर्णपणे टाळता येण्याजोगा होता. तिसऱ्या सामन्यात आम्ही २० षटकांत ८ बाद १४१ धावा केल्या आणि प्रतिस्पर्ध्यांचा डाव १४.२ षटकांत ८८ धावांवर संपवला. गुण सारखे झाले की क्रम निव्वळ धावगतीवर, म्हणजे आपल्या षटकामागच्या धावांतून प्रतिस्पर्ध्यांच्या षटकामागच्या धावा वजा करून, ठरतो. ती काढताना सर्वबाद झालेल्या संघाने वाट्याची सगळी षटके खेळली असे धरले जाते, नाहीतर लवकर बाद होणाऱ्या संघाची धावगती उगाच फुगून त्याला बक्षीसच मिळेल. त्यानुसार त्यांची धावगती ८८ भागिले २०, म्हणजे ४.४०, आमची ७.०५, त्या सामन्यापुरता फरक २.६५. संघटनेच्या तक्त्यात मात्र तो ०.८५ दिसत होता. प्रथम मला वाटले की माझाच गुणाकार चुकला. रविवारी रात्री जेवणाच्या टेबलावर गुणपुस्तकाचे फोटो आणि मुलीची गणिताची वही घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. तक्ता सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याने सर्वबादचा नियम लावलाच नव्हता, आणि वर १४.२ हा आकडा एक्सेलमध्ये दशांश म्हणून भरला होता. चौदा षटके आणि दोन चेंडू म्हणजे चौदा पूर्णांक एक तृतीयांश षटके, हे एक्सेलला कुणी सांगितले नाही तर ते ८८ला सरळ १४.२ने भागते आणि ६.२० असे आत्मविश्वासाने छापते. विशेष म्हणजे मैदानावरील गुणलेखक ज्या मोबाइल ॲपवर गुण नोंदवत होता त्यात आकडा बरोबर होता. ॲपवरचा आयता तक्ता न वापरता वेगळी एक्सेल फाइल का ठेवली, याचे उत्तर “अध्यक्षांना छापील तक्ता लागतो” असे मिळाले.

या चुकीची किंमत आम्ही नव्हे, दुसऱ्याच संघाने मोजली. पाच सामन्यांनंतर आमचे आणि घणसोलीच्या एका संघाचे गुण सारखे होते. चुकीच्या तक्त्यानुसार ते दुसरे आणि आम्ही तिसरे होतो. सोमवारी सकाळी मी चिटणीसांना हिशेब पाठवला, त्यांनी लेखी अर्ज मागितला, मंगळवारी संध्याकाळी तक्ता दुरुस्त झाला आणि आम्ही उपांत्य फेरीत गेलो. तोपर्यंत घणसोलीच्या संघाचे अभिनंदन लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर झाले होते. त्या रात्री त्यांच्या कर्णधाराचा मला फोन आला. “सर, हिशेब तुमचा बरोबर आहे, मी पण करून बघितला,” तो म्हणाला, “पण आमच्या पोरांना आता कसं सांगू?” माझ्याकडे उत्तर नव्हते. संघटनेने त्या संघाकडे दिलगिरी व्यक्त केली, तीही ग्रुपवर एका ओळीत. निदान चिटणीसांनी जाऊन भेटायला हवे होते.

मैदान बरे होते. खेळपट्टी म्हणजे सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर खिळ्यांनी ताणलेली हिरवी मॅट. चेंडू अंगावर येतो, उसळी एकसारखी मिळते आणि आमच्या वयाच्या फलंदाजांना ते मानवते. सिमेंटवर स्पाइक्स चालत नाहीत, रबरी तळाचे बूट लागतात, ही सूचना मात्र शनिवारी रात्री साडेनऊला आली, आणि नवे कोरे स्पाइक्स घेऊन बसलेल्या आमच्या सलामीवीराने पहिला सामना ऑफिसच्या वॉकिंग शूजमध्ये खेळला. मैदानाचा खरा धोका लाँग-ऑनला होता. तेथे नवरात्रातील मंडपाच्या खांबांचे खड्डे राडारोड्याने बुजवलेले होते आणि त्यांवर उगवलेल्या गवतामुळे ते दिसत नव्हते. आमच्या क्षेत्ररक्षकाचा पाय त्यातल्या एकात गेला. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस, पट्टी आणि जखमेवरचे औषध होते. क्रिकेटमध्ये ज्याची सर्वांत जास्त गरज पडते तो बर्फ नव्हता. शेवटी मैदानाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या मासळीवाल्या मावशींनी पापलेटांखालचा बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. घोटा दोन आठवड्यांत बरा झाला; मोज्याचा वास कितव्या धुण्यात गेला ते त्याच्या बायकोला विचारावे लागेल. पुढच्या आठवड्यात त्या खड्ड्यांभोवती चुन्याचे वर्तुळ काढलेले दिसले, म्हणजे तक्रारीची दखल घेतली गेली, पण खड्डे होते तिथेच राहिले.

चेंडूंबाबत माहितीपत्रक आणि वस्तुस्थिती यांत तफावत होती. फोर-पीस चेंडूचे कातडे चार तुकड्यांचे असते, शिवण उभी राहते आणि आकार टिकतो. टू-पीस स्वस्त पडतो आणि लवकर मऊ होतो. पाचपैकी दोन सामन्यांत आम्हाला टू-पीस चेंडू देण्यात आला. मॅटवर घासला जाऊन तो पंधराव्या षटकापर्यंत इतका मऊ झाला की टोलवलेला फटका सीमारेषेच्या अलीकडे थांबू लागला. विचारल्यावर “माल संपला होता” असे सांगण्यात आले. बारा संघांचे सामने किती, डाव किती, चेंडू किती लागणार, हे पहिल्या दिवशी मोजता येण्यासारखे असते.

वेळापत्रक हा या लीगचा सर्वांत दुबळा भाग. रविवारच्या सामन्याची वेळ आम्हाला एकदा बुधवारी कळली, दोनदा शुक्रवारी रात्री अकरानंतर आणि एकदा शनिवारी दुपारी. आमच्यातील तिघांची घरची मुले लहान आहेत, दोघे पाळीत काम करतात, एकाची आई डायलिसिसवर आहे. अशा माणसांचा रविवार बाजूला काढणे ही घराघरांतून होणारी वाटाघाट असते आणि ती शुक्रवारी रात्री अकराला होत नाही. एका रविवारी मैदानावर ऐनवेळी दुसरा कार्यक्रम आल्याने सामना पुढे ढकलला गेला, त्याला माझा आक्षेप नाही, असे होते. आक्षेप आहे तो आम्ही सकाळी साडेसहाला कुडकुडत फाटकाशी उभे असताना ते कळण्याला.

एका गोष्टीविषयी लिहावे की नाही असा विचार करत होतो, पण ती सोडवत नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारतीय महिलांनी २९८ धावा करून दक्षिण आफ्रिकेला २४६ वर रोखले आणि ५२ धावांनी विश्वचषक जिंकला. त्यानंतरच्या महिन्यात आमच्या संस्थेच्या आवारात संध्याकाळी बॅट घेऊन उतरणाऱ्या मुलींची संख्या डोळ्यांना दिसण्याइतकी वाढली. संघटनेने या उत्साहाला प्रतिसाद म्हणून महिलांचा एक ‘प्रदर्शनीय सामना’ ठेवला, तो टेनिस चेंडूने, दहा षटकांचा, आणि पुरुषांच्या दोन सामन्यांमधल्या जेवणाच्या सुट्टीत. प्रेक्षक पुलावाच्या रांगेत होते. माझी मुलगी त्यात खेळली, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही हे मान्य करतो. पण ज्या शहरात विश्वचषक जिंकला गेला, तेथे मुलींना जेवणाच्या सुट्टीपुरते मैदान देणे शोभत नाही. त्यांनी नंतर चार संघ जमवून सीझन बॉलच्या स्पर्धेची मागणी केली आहे. तिचे काय होते ते पाहू.

थेट प्रक्षेपण एकाच कॅमेऱ्याचे आणि थोडे थरथरते, पण माझ्या अपेक्षेपेक्षा उपयोगी ठरले. समालोचक प्रत्येक षटकाराला गगनचुंबी म्हणत असे, अगदी सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या बोटांना चाटून गेलेल्यालाही. तरी आमच्या यष्टिरक्षकाचे वडील चिपळूणला बसून पाचही सामने पाहत होते आणि दर रविवारी रात्री फोन करून मुलाला बाइज, म्हणजे हातून सुटलेल्या चेंडूंवरच्या अवांतर धावा, किती दिल्या ते सांगत होते. चहा-नाश्त्याबद्दल तक्रार नाही. बक्षीस समारंभात भाषणे दीड तास चालली आणि चषक इतका मोठा होता की विजेत्या संघाला तो रिक्षात मावेना; त्यापेक्षा त्या पैशांत चांगले चेंडू आले असते. उपांत्य सामना आम्ही सहा गड्यांनी हरलो, त्यात संघटनेचा काही दोष नव्हता.

पुढील हंगामासाठी नोंदणी मार्चमध्येच सुरू झाली आहे. संघात मत घेतले तेव्हा चौदापैकी अकरा जणांनी हात वर केले, आणि प्रत्येकाने पहिले कारण पंचांचे सांगितले. मी ५,००० रुपये अनामत भरली, पण पावती घेताना तिच्या मागे तीन अटी लिहून चिटणीसांपुढे ठेवल्या : गुणतक्ता ॲपवरचाच ग्राह्य धरावा, सर्व डावांना फोर-पीस चेंडू द्यावा, आणि रविवारच्या सामन्याची वेळ बुधवारपर्यंत कळवावी. पहिल्या दोन अटींखाली त्यांनी लगेच सही केली. तिसरी त्यांनी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि तिच्यासमोर स्वच्छ अक्षरात लिहिले, “प्रयत्न करू.”